जुनी जड क्रूझिंग यॉट: मुळातच मंद, की नंतर मंद केलेली?

जुनी, जड, लांब कीलची (तळाखाली पाण्यात उतरलेल्या कण्याची) शिडाची बोट बघायला गेलात की दोनच मतं कानावर पडतात. एक म्हणतो, अशी बोट आता कोणी बांधत नाही, कुठल्याही समुद्रात बिनधास्त न्या. दुसरा म्हणतो, वारा पडला की ही जागची हलत नाही आणि वारा असला तरी वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. दोघंही अनुभवाचंच बोलत असतात. फरक एवढाच की पहिला बोटीच्या मजबुतीविषयी बोलतो आणि दुसरा तिच्या चालीविषयी, आणि या दोन गोष्टी एकमेकींवरून ताडता येत नाहीत.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण वेस्टसेल ३२ या बोटीचं. ऑक्टोबर १९९१ च्या अटलांटिकमधल्या भीषण वादळात ‘सॅटोरी’ नावाच्या वेस्टसेलवरच्या माणसांना तटरक्षक दलाने काढून घेतलं आणि बोट तशीच समुद्रात सोडावी लागली. पुढे ती मेरिलँडच्या किनाऱ्यावर लागलेली सापडली, फारशी मोडतोड न होता. बोट किती दणकट होती हे यावरून कळतं. सहा नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यात ती कशी चालते, हे मात्र कळत नाही.

चाल तपासताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ही बोट आराखड्यातच मंद आहे, की गेल्या तीस-चाळीस वर्षांत मालकांनी तिला मंद केलं आहे? दुसऱ्या प्रकारचा दोष काढता येतो, पहिला नाही. पुढची सगळी तपासणी या दोन दोषांची वाटणी करण्यासाठी आहे.

आधी कागदावर

बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी मूळ आराखड्यातले चार आकडे मिळवा: जलरेषेची, म्हणजे बोट पाण्याला टेकते त्या रेषेची लांबी, रुंदी, वजन आणि शिडांचं क्षेत्रफळ. एकूण लांबीला फार किंमत देऊ नका. पुढे लांबलचक बोस्प्रिट (टोकातून बाहेर काढलेला दांडा) असला की चाळीस फुटी म्हणून विकली जाणारी बोट पाण्यात तीस फुटांचीच असते.

जलरेषेच्या लांबीवरून, म्हणजे फुटांतल्या आकड्याच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणून, वेगाची साधारण कमाल मर्यादा नॉटमध्ये मिळते. साडेसत्तावीस फुटांना ती सात नॉट येते. जड बोट याच्या फार पुढे जात नाही.

मग वजन आणि लांबीचं गुणोत्तर काढा. वजन लाँग टनांत घ्या (एक लाँग टन म्हणजे २२४० पौंड). जलरेषेची फुटांतली लांबी १०० ने भागून तिचा घन करा आणि वजनाला त्या घनाने भागा. उत्तर २०० च्या आत आलं तर बोट हलकी, ३०० च्या वर जड, ४०० च्या वर फारच जड. वेस्टसेल ३२ चं वजन १९,५०० पौंड आणि जलरेषा साडेसत्तावीस फूट, म्हणजे उत्तर सुमारे ४१९.

इथे नुसत्या टनांवरून मत बनवणाऱ्याची फसगत होते. रस्लर ३६ या बोटीचं वजन सुमारे १६,८०० पौंड, केप जॉर्ज ३६ चं सुमारे २३,५००. ऐकणाऱ्याला केप जॉर्ज जड वाटते. पण तिची जलरेषा साडेएकतीस फुटांची आहे, रस्लरची सत्तावीसला किंचित कमी. गुणोत्तर काढलं की रस्लर ३८५ च्या आसपास जाते आणि केप जॉर्ज ३३५ च्या. म्हणजे वजनदार बोटच चालीच्या हिशेबाने हलकी निघते, आणि तिची वेगमर्यादाही जवळपास अर्ध्या नॉटने जास्त. २०२२ मध्ये सुरू झालेली गोल्डन ग्लोब ही एकट्याने जगप्रदक्षिणेची शर्यत किर्स्टन नॉयशेफरने केप जॉर्ज ३६ मध्येच जिंकली. ताकद तिची स्वतःची होती, पण बोटही विचार करून निवडलेली होती.

तिसरा आकडा शिडांचा. पौंडांतलं वजन ६४ ने भागा, कारण समुद्राचं एक घनफूट पाणी साधारण ६४ पौंडांचं असतं. त्या उत्तराचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा आणि शिडांच्या चौरस फुटांना त्याने भागा. क्रूझिंग बोटीला १५ ते १७ चांगले. १४ च्या खाली गेलात की मंद वाऱ्यात इंजिनाचा आधार गृहीत धरावा लागतो. वेस्टसेलला ६२९ चौरस फुटांचं शीड धरून हा आकडा १३.९ येतो. क्षेत्रफळात कोणती शिडं धरली आहेत हे मात्र विचारून घ्या. एखाद्या माहितीपत्रकात मोठं जेनोआ (मास्टच्या मागेपर्यंत पोचणारं पुढचं शीड) धरून आकडा फुगवलेला असतो, दुसऱ्यात फक्त मास्ट (डोलकाठी) आणि फोरस्टे (मास्टला पुढून धरणारी तार) यांमधला त्रिकोण धरलेला असतो. अशा दोन बोटींची तुलना करणं निरर्थक आहे.

रुंदीचा उपयोग उलटण्याच्या धोक्याच्या ढोबळ सूत्रात होतो. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या जीवितहानीनंतर ते प्रचारात आलं. फुटांतल्या रुंदीला मघाच्याच घनमुळाने भागा, उत्तर २ च्या आत हवं. जुन्या जड बोटी इथे सहज पास होतात, म्हणून मी यावर वेळ घालवत नाही.

धक्क्याला बांधलेली असताना

आता खरी बोट बघा. पहिली नजर जलरेषेच्या पट्ट्यावर. तो पट्टा एकदा वर सरकवून रंगवलेला दिसतो का? जुन्या पट्ट्याची कड रंगाखाली हाताला लागते. बोटं फिरवून बघा, लाज बाळगू नका. मग नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) आणि पिछाडीला पाण्यापासून डेकपर्यंतची उंची टेपने मोजा आणि आराखड्याशी ताडा.

समजा बोट तीन इंच जास्त बुडली आहे. हे थोडं वाटतं, पण हिशेब करून बघा. जलरेषेची लांबी गुणिले पाण्याच्या पातळीवरची रुंदी गुणिले ०.७ म्हणजे पाणी कापणारं क्षेत्रफळ चौरस फुटांत. त्याला ५.३ ने गुणलं की एक इंच बुडायला किती पौंड लागतात ते कळतं. साडेसत्तावीस फूट लांब आणि दहा फूट रुंद पाणपातळीला हा आकडा हजार पौंडांच्या थोडा वर जातो. म्हणजे तीन इंचांत सुमारे १४०० किलो! वेस्टसेलसारख्या पावणेनऊ टनांच्या बोटीवर हा सोळा टक्के बोजा झाला. शिडांचं गुणोत्तर १३.९ वरून १२.६ वर येतं. अशी बोट चालवून बघणारा माणूस “जड बोटी अशाच” म्हणत परत जातो. त्याने त्या बोटीचा आराखडा चालवलाच नाही, तिच्या पोटातलं सामान चालवलं.

म्हणून लॉकर उघडा. जादा टाक्या, जनरेटर, सुट्या भागांच्या पेट्या, कधीच न वापरलेला चौथा नांगर यांची यादी करा. वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. साठ मीटर साखळी, नांगर आणि विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) असे पावणेदोनशे-दोनशे किलो नाळेच्या टोकाला, आणि तिकडे पिछाडीला डेव्हिटच्या दांड्यांवर टांगलेली डिंगी (छोटी होडी) व सोलर पॅनेलची कमान. अशी बोट समोरच्या लाटांत घोड्यासारखी उधळते आणि प्रत्येक उसळीला वेग गमावते. डेकच्या सँडविचमध्ये, म्हणजे दोन थरांमधल्या गाभ्यात पाणी मुरलेलं असेल तर तेही वजनच. ते सर्व्हेअरकडून ओलावा मोजून कळतं.

कलण्याचा अंदाज धक्क्यावरही येतो. पाणी शांत असताना दोर ढिले सोडा. दोघांनी बोटीच्या कडेवर तालात भार देऊन तिला डोलवा आणि थांबा. मग दहा पूर्ण डोलांना किती सेकंद लागले ते मोजून दहाने भागा. एका डोलाचे सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा जास्त आले तर बोट नाजूक असू शकते. वर मास्टवर रडार आणि पायऱ्या चढवल्या असतील तर त्यांचा परिणाम इथे दिसतो. टाक्या अर्ध्या भरलेल्या असतील तर पाणी आत हिंदकळून मोजणी बिघडते. एवढ्यावरून निकाल देऊ नका, समुद्रावर नेल्यावर काय बघायचं ते मात्र यातून कळतं.

शिडं, दोर आणि पाण्याखालचं

जुन्या बोटीची बदनामी बहुतेक वेळा जुन्या शिडांमुळे होते. डेक्रॉन (शिडाचं कापड) ताणलं गेलं की शिडाचा सगळ्यांत खोल भाग मागे सरकतो. असं शीड बोटीला पुढे ओढत नाही, आडवं ढकलतं: बोट जास्त कलते, वाऱ्याकडे वळायला बघते, सुकाणू जड होतं. शीड चढवून बूमच्या (शिडाच्या खालच्या दांड्याच्या) मध्याखाली उभे राहा आणि सरळ वर फोटो काढा. खोली पुढच्या कडेपासून चाळीस ते पन्नास टक्क्यांत असावी. त्याच्या बरीच मागे असेल तर त्या शिडावरची कुठलीही चाचणी बोटीविषयी काही सांगत नाही, हे वहीत पहिल्याच ओळीत लिहा.

फोरस्टे वाऱ्यात किती झोळतो ते बघा. तो झोळला की बोट वाऱ्याच्या जवळ जात नाही. हे मात्र बऱ्याचदा बॅकस्टे (मास्टला मागून धरणारी तार) किंवा बॉबस्टे (बोस्प्रिटला खालून धरणारी तार) ताणून सुधारतं.

जिबच्या (पुढच्या शिडाच्या) शीटचा, म्हणजे ते आवळायच्या दोराचा कोन मोजणारे फार थोडे, आणि आराखड्यातला कायमचा दोष नेमका इथे सापडतो. जिबच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून शीटच्या ब्लॉकपर्यंतचं अंतर मोजा, आणि ब्लॉक मध्यरेषेपासून किती बाहेर आहे तेही. दहा फुटांवर ब्लॉक दोन फूट बाहेर असेल तर कोन अकरा-बारा अंशांचा, तो चांगला. साडेतीन फूट बाहेर असेल तर वीस अंशांवर जातो. जुन्या रुंद बोटींत श्राउड (मास्टला बाजूंनी धरणाऱ्या तारा) थेट हलच्या, म्हणजे बोटीच्या अंगाच्या कडेला बांधलेले असतात. त्यामुळे मोठं जेनोआ आत ओढताच येत नाही. नवी शिडं शिवलीत तरी ही भूमिती बदलत नाही.

प्रोपेलर कसला आहे हे विचारा. तीन पात्यांचा न मिटणारा प्रोपेलर मंद वाऱ्यात अर्धा नॉट किंवा त्याहून जास्त खातो. तळ शेवटचा कधी घासला तेही विचारा, आणि उत्तरावर विसंबू नका.

समुद्रावर: दिवस दोन हवेत

एकदा सहा ते आठ नॉट वाऱ्यात आणि एकदा पंधरा ते अठरा नॉटमध्ये, असं दोनदा जायचा आग्रह धरा. माझी पहिली जड बोट चौतीस फुटी केच (दोन मास्टची बोट) होती. ती मी अठरा नॉटच्या एकाच सुंदर दुपारी चालवून पाहिली. खांदा टेकवून ती अशी निघाली की मला पुढे काही तपासावंसं वाटलं नाही. तीन आठवड्यांनी सात नॉटच्या वाऱ्यात तीच बोट दीड नॉटने सरपटत होती. मास्क लावून खाली उतरलो. कीलच्या खाचेतला प्रोपेलर शिंपल्यांनी इतका लडबडलेला होता की पात्यांची कड ओळखू येत नव्हती, आणि तळावर हात फिरवला तर तळहात खरचटला. घासून काढल्यावर तशाच वाऱ्यात तीन नॉटच्या वर गेली.

मंद वाऱ्यात वारा बाजूने घेऊन चालवा. तळ स्वच्छ असेल आणि पुढे मोठं शीड असेल तर आठ नॉट वाऱ्यात जड बोटीने साडेतीन नॉट तरी द्यावेत, हा माझा मापदंड. नसेल देत, तर आधी तळ आणि प्रोपेलर, मग वजन, मग शिडं, या क्रमाने कारण शोधा.

वाऱ्याच्या तोंडावर

शक्यतो भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात ही चाचणी करा, नाहीतर प्रवाह आकडे बिघडवतो. एका टॅकवर, म्हणजे वारा एकाच बाजूने घेऊन चार-पाच मिनिटं स्थिर चाला. होकायंत्रावरची दिशा, जीपीएसवरची दिशा आणि वेग लिहा. मग टॅक करून (नाळ वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवून) पुन्हा तेच. होकायंत्रावरचा फरक शंभर अंशांच्या आत आला तर लांब कीलच्या बोटीला तो उत्तम. जीपीएसवरचा फरक त्याहून मोठा येणारच, कारण बोट वाऱ्याखाली सरकते. तो एकशे दहापर्यंत चालतो. एकशे वीसच्या पुढे गेला तर वाऱ्याच्या दिशेने जायचं ठिकाण फार लांब पडेल.

जड बोट वाऱ्याला घासून चालवू नका. ४८ अंशांवर कसंबसं साडेतीन नॉट मिळत असतील तर वाऱ्याच्या दिशेने तुमची खरी कमाई २.३ नॉटचीच. शीट थोडी सैल करून ५५ अंशांवर पाच नॉट मिळाले तर कमाई २.९ नॉट. विक्रेता सोबत असला की बोट वाऱ्याच्या किती जवळ जाते हे दाखवण्याच्या नादात तिला गुदमरवतो. त्याला नम्रपणे बाजूला बसवा आणि टिलर (सुकाणूचा दांडा) स्वतः घ्या.

वाऱ्याखाली सरकणं प्रवाहाच्या भानगडीशिवाय डोळ्यांनी मोजता येतं. मास्टकडे पाठ करून पिछाडीला मधोमध उभे राहा आणि मागचा फेसाळ माग बघा. तो बोटीच्या मध्यरेषेच्या सरळ मागे नसतो, वाऱ्याच्या बाजूला झुकलेला दिसतो. हातातल्या होकायंत्राने मागाची दिशा घ्या आणि बोटीच्या उलट दिशेशी तुलना करा. चार ते सहा अंश ठीक. दहाच्या वर गेलं की कील उथळ आहे, बोट फार कलते आहे किंवा तुम्ही तिला गुदमरवताय. शीट सोडून पुन्हा मोजलं की तिसरं कारण लगेच वेगळं होतं.

सुकाणूचा भार आणि सुकाणूचा कोन

या चाचणीत सगळ्यांत जास्त चुकीचे निष्कर्ष निघतात. लांब कीलला मागे टांगलेल्या सुकाणूच्या बिजागरीपुढे पातं नसतं, त्यामुळे पाण्याचा सगळा दाब तुमच्या हातावर येतो. चार अंशांनाही हात दुखतो. नव्या समतोल सुकाणूची सवय असलेला माणूस लगेच म्हणतो, बोट वाऱ्याकडे ओढते. दंडावर जाऊ नका, कोन मोजा.

सुकाणू सरळ असताना टिलरच्या टोकाखाली डेकवर चिकटपट्टी लावा. चार फुटी टिलरचं टोक चार इंच सरकलं तर सुकाणू सुमारे पाच अंश वळलेलं असतं. एवढं चालतं, किंबहुना असायलाच हवं. दहा इंच सरकलं की बारा अंश, आणि मग सुकाणू ब्रेकसारखं पाणी अडवतं. असं दिसलं तर मेनसेलला (मुख्य शिडाला) एक रीफ घ्या, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करा. वेग तोच राहिला आणि टोक परत चार इंचांवर आलं तर बोट निर्दोष आहे, शीड जास्त होतं. केचवर मिझन (मागच्या मास्टवरचं शीड) उतरवून हेच बघता येतं. रीफनेही फरक पडला नाही तर मास्ट मागे किती कलंडलेला आहे ते तपासा, आणि मघाचा शिडाच्या खोलीचा फोटो पुन्हा काढून बघा.

वारा बाजूच्या थोडा पुढून घेऊन टिलर सोडून द्या आणि सेकंद मोजा. चांगल्या तोलाची जुनी बोट मिनिटभर तरी वाट सोडत नाही. दूरच्या प्रवासात या गुणाची किंमत अर्ध्या नॉटच्या वेगापेक्षा जास्त आहे, निदान माझ्या लेखी. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ‘सुहेली’तून कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली. ३१२ दिवसांचा सरासरी वेग जेमतेम चार नॉट पडतो. सुहेली आणि वेस्टसेल दोघींचं मूळ विल्यम अ‍ॅटकिनच्या ‘एरिक’ आराखड्यात आणि त्यामागे नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांत आहे. त्या बोटी दिवसेंदिवस न थकता चालत राहण्यासाठीच काढल्या होत्या.

टॅक, थांबणं आणि बाकीचं

लाटा असताना टॅक करा, सपाट पाण्यात सगळ्याच बोटी वळतात. टिलर एकदम ढकलू नका, लांब कीलला सावकाश वळवावं लागतं. आधीचा वेग, वळून पुन्हा तोच वेग यायला लागलेले सेकंद, आणि मध्ये ती अडकली का, एवढं लिहा. जिब क्षणभर उलटं धरून नाळ ढकलावी लागली तर तो दोष मानू नका. तसं करूनही वळली नाही तर माना.

जोराच्या वाऱ्यात हीव्ह-टू (शिडांनीच बोट जवळजवळ जागेवर थांबवणं) नक्की करून बघा. जिब उलट्या बाजूला बांधा, मेनसेल आत घ्या, टिलर वाऱ्याखालच्या बाजूला बांधा. चांगली जड बोट दीड-दोन मिनिटांत शांत होते, वाऱ्याला चाळीस-पन्नास अंशांवर बसून हळूहळू वाऱ्याखाली सरकते, आणि वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर तिचा गुळगुळीत पट्टा दिसायला लागतो. तो पट्टा दिसला की त्यात येणाऱ्या लाटेकडे बघत राहा: तिचा माथा फुटायचा थांबतो. हे ज्या बोटीला सहज जमतं तिला मी टॅकच्या कोनाचे पाच-सात अंश माफ करतो.

मागून वारा घेऊन लाटांवर थोडा वेळ चालवा, ती फार वळवळते का बघा. इंजिनावर मागे जाताना लांब कीलची बोट एकाच बाजूला वळते. ती बाजू कोणती एवढं लक्षात ठेवा.

वहीतल्या नोंदींची वाटणी

परत आल्यावर पानाचे दोन भाग करा. घाण तळ, प्रोपेलर, दमलेली शिडं, झोळणारा फोरस्टे, टोकांवरचं वजन, बुडलेला पट्टा हे एका बाजूला. यातल्या प्रत्येक गोष्टीचा खर्च विचारून लिहा आणि बोलीच्या किमतीतून वजा करा. आखूड जलरेषा, आराखड्याच्याच वजनावर १४ च्या खालचा शिडाचा आकडा, कडेला बांधलेले श्राउड, कमी खोलीची कील हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला एखादीच नोंद असेल आणि तुम्हाला वाऱ्याच्या तोंडावर फार जायचं नसेल तर घ्या. तीन असतील तर किंमत कितीही उतरली तरी सोडा. सर्व्हेसाठी बोट वर काढणारच असाल तर तळ तेव्हाच घासून घ्या आणि पाण्यात उतरवल्यावर मंद वाऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात पुन्हा करा. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा.

माझ्या केचची साखळी मी मास्टच्या पायथ्याशी आणली, दुसरा प्रोपेलर बसवला, मेनसेल नवं शिवून घेतलं. मंद वाऱ्यात ती साडेतीन-पावणेचार नॉट देते. टॅकचा कोन मात्र जीपीएसवर ११४ चा होता आणि आजही ११४ चाच आहे. श्राउड तिच्या कडेला आहेत आणि तिथेच राहणार, म्हणून वाऱ्याच्या दिशेने जायचं असलं की मी प्रवासाच्या हिशेबात पहिल्यापासून एक दिवस जास्त धरतो.